दोरवाल्यांची गाठ

रविवारी दुपारी सव्वातीनला सरकारांनी आपल्या जावयाला मागच्या अंगणातल्या लोखंडी खांबाला बांधलं. भांडण नव्हतं. उलट जावईबापूंनी स्वतःहून पँटची कड दुमडून पाय पुढे केला होता आणि वर सांगितलं होतं, "जरा घट्टच बांधा, आई. म्हणजे नीट कल्पना येईल." शिकल्यासवरल्या माणसाला कल्पना यायला काय काय करावं लागतं, हे बिनशिकलेल्या माणसाच्या ध्यानातच येत नाही.

सरकार हे काही त्यांचं नाव नव्हे. अख्खी गल्ली पाठीमागे त्यांना सरकार म्हणायची. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, आणि त्यांना ते ठाऊक होतं, आवडतही होतं. नवरा दोर वळायचा. दावी, कासरे, मोरक्या, मुसकी, जनावराला आवरायला जे जे म्हणून लागतं ते सगळं त्याच्या दुकानात मिळायचं. लोक त्याला दोरवाले म्हणत. दोरवाल्यांचा दंडक असा, की नवा दोर आधी घरच्या जनावराला लावायचा, महिनाभर टिकला तर त्याच्यासारखा दुसरा गिऱ्हाइकाला द्यायचा. त्यामुळे घरात जनावर कायमचं. कधी म्हैस, कधी घोडी, एकदा तर एक तिरसट गाढव. दोरवाल्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. दुकानात आता मुलगा बसायचा आणि नायलॉनचे रंगीत पट्टे विकायचा. मागच्या अंगणात उरली होती एकटी ठमी.

ठमी म्हणजे शेळी. दिसायला गरीब, करणी महाबिलंदर. त्या एका महिन्यात ती चारदा सुटली होती. पहिल्यांदा शेजारच्या बाईंची रोपं, दुसऱ्यांदा पोस्टमनच्या पिशवीचा बंद, तिसऱ्यांदा दवाखान्याबाहेरच्या बाकावर चढून एका पेशंटची चिठ्ठी. चौथ्यांदा ती शिंप्याच्या दुकानात शिरली आणि एका नवऱ्यामुलाच्या कोटाची डावी बाही खाऊन आली. तो नवरामुलगा उजव्या बाहीसकट दारात येऊन उभा राहिला, तेव्हा सरकारांच्या मुलाचा धीर सुटला.

"आई, तुझे हात थरथरतात आता. गाठ सैल बसते. रविवारी चार वाजता दूधवाला येईल आणि ठमीला घेऊन जाईल. त्याच्याकडे वीस जनावरं आहेत, ही एकविसावी."

एरवी अशा बोलण्यावर सरकारांनी मुलाच्या सात पिढ्या काढल्या असत्या, आपल्याच असल्या तरी. त्या दिवशी मात्र त्या गप्प बसल्या. हात थरथरतात हा आरोप त्यांनी मुकाट्याने पदरात घेतला, कारण खरं कारण त्याहून लाजिरवाणं होतं. ते त्यांच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

आणि त्याच रविवारी दुपारी जावईबापू सहा कागद घेऊन आले.

जावईबापू शाळेत इंग्रजी शिकवायचे. गावातल्या वाचनालयात दर महिन्याला एकेका शब्दावर भाषण असायचं आणि या खेपेला पाळी त्यांची होती. पाच वाजता. शब्द होता 'टेदर'.

"म्हणजे काय?" सरकारांनी विचारलं. त्या ठमीसमोर पाला टाकत होत्या. जणू शेवटचाच, म्हणून जरा जास्तच.

"म्हणजे दावं, आई. जनावराला ठरावीक अंतरापर्यंतच चरता यावं म्हणून बांधलेला दोर."

"मग दाव्याचं दुसरं काम काय असतं? कपडे वाळत घालायचे?"

"तसं नव्हे. या शब्दाचा उगम मोठा मजेशीर आहे. उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांच्या जुन्या भाषेतून तो इंग्रजीत आला. सहाएकशे वर्षांपूर्वीच्या लिखाणात सापडतो."

"आणि त्याआधी जनावरं मोकळीच हिंडत होती का?"

जावईबापू हसले. सासूबाईंच्या बोलण्यावर हसायचं, हे ते लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात शिकले होते. "पुढे तोच शब्द माणसाला लागला. सहनशक्ती संपली की इंग्रज म्हणतो, मी माझ्या दाव्याच्या टोकाला पोचलो."

हे मात्र सरकारांना पटलं. "बरोबर बोलला तो. ही बघा ना, मागे एवढी जागा आहे, पण उभी राहणार ती टोकालाच, मान ताणून."

"आणि हल्ली एक फोन दुसऱ्या फोनला स्वतःचं इंटरनेट देतो, त्यालाही हाच शब्द."

"त्यात कोण कुणाला चरतं?"

याचं उत्तर सहा कागदांत नव्हतं. सरकारांनी पुढे विचारलं, दावं किती हात लांब? एका खांबाला की दोन खुंट्यांना? गळ्याला की पायाला? गाठ कुठली? जावईबापूंना एकही सांगता येईना.

"सहा पानं लिहिलीत आणि गाठ ठाऊक नाही? उद्या कुणी पोहण्यावर बोलेल आणि म्हणेल, पाणी तेवढं बघायचं राहिलं."

"म्हणूनच तुमच्याकडे आलो, आई. जरा दाखवता का?"

नेमका तेव्हाच मुलगा दुकानातून पाणी प्यायला आत आला आणि दारात थांबला. "दाखव, दाखव. म्हणजे शेळी कशी सुटते तेही भाषणात घालतील ते."

सरकारांच्या कानशिलावरची शीर ताठ झाली. "माझ्या गाठीतून शेळी सुटत नाही."

"चारदा सुटली."

"सुटू दिली म्हणून सुटली."

"बरं. मग आज बांधून दाखव. बाबांच्या दोराने, बाबांची गाठ. आणि सोडूनही दाखव. रोज दोन्ही करावं लागतं. जमलं तर दूधवाल्याला दारातून परत पाठवतो, ठमीचं नावही काढणार नाही."

झालं. रागाच्या भरात माणूस जे करतो ते सरकारांनी केलं. ठमीच्या गळ्यातला दोर सैल करून काढला. तो दोरवाल्यांनी वळलेला शेवटचा दोर, घायपाताचा, पिवळसर, हाताला खरखरीत. ठमीने मान हलवून पाहिली, मोकळी झाल्याचं तिला खरंच वाटेना.

"गळ्यात घालू का?" जावईबापूंनी मान पुढे केली.

"जावयाच्या गळ्यात दोर घालायचा नसतो. तो एकदा घालून झालाय. पाय द्या. ओढाळ जनावराला पायालाच बांधतात."

दोन वेढे, वरून एक फेरा, टोक खालून वर आणि एक हिसका. आधी खांबाला, मग पायाला. सरकारांचा हात एकदाही थरथरला नाही. मुलाने दोर ओढून पाहिला, खांबाला पाय लावून ओढला, शेवटी दोन्ही हातांनी लोंबकळला. गाठ केसभरही हलली नाही. जावईबापू मात्र वीतभर सरकले.

"मानलं," मुलगा म्हणाला. "आता सोड."

"सोडते. घाई काय? मास्तर आत्ताच तर शिकायला बसलेत."

"चारला येतो मी दूधवाल्याला घेऊन," असं म्हणून मुलगा दुकानात गेला. सरकार खांबाजवळ खाली बसल्या आणि गाठीकडे पाहू लागल्या. अनोळखी माणसाकडे पाहावं तसं.

आता ते लाजिरवाणं कारण सांगायला हवं. सरकारांना ही गाठ सोडता येत नव्हती. हात दुखत होते म्हणून नव्हे, कधी सोडलीच नव्हती म्हणून. या घरात चाळीस वर्षं कामाची वाटणी होती. संध्याकाळी जनावर बांधायच्या त्या, सकाळी सोडायचे दोरवाले. त्या चहा टाकायच्या तेव्हा ते अंगणात गुणगुणत गाठ सोडत असायचे. दोरवाले परगावी गेले तर जनावर ते येईपर्यंत खांबालाच, चारापाणी जाग्यावर. एकदा ते लग्नाला गेले आणि चार दिवस अडकले, तेव्हा घोडीने चारही दिवस अंगणातच काढले. सरकार गल्लीला म्हणाल्या, तिला विश्रांती हवी होती.

दोरवाले गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सरकार खांबापाशी गेल्या आणि दुपारपर्यंत तिथेच बसल्या. ती शेवटची गाठ आपोआप झिजेपर्यंत त्यांनी वाट पाहिली, बारा दिवस. तेव्हापासून त्या अर्धीच गाठ मारत, फेरा न घेता, म्हणजे सकाळी ओढली की सुटेल. ती सकाळी सुटायची. कधी पहाटेही सुटायची. कधी ठमीच्या मनात आलं की सुटायची.

"आई, खूप छान कळतंय," जावईबापू गोल फिरत म्हणाले. ते दोर ताणून कडेला उभे राहिले, वाकले, हात लांब केला. "हे बघा, बाजेपर्यंत हात पोचतो, पण बाजेवरच्या कागदांपर्यंत नाही. म्हणजे जनावराला गवत दिसतं..."

"दिसतं, वासही येतो. मिळत मात्र नाही," सरकार म्हणाल्या. पाठ करून त्या केसांतल्या आकड्याने गाठ उकरत होत्या. आकडा वाकला. मग सुई आणली. सुई मोडली. मग त्या आत गेल्या आणि चहा ठेवला, कारण विचार करायला त्यांना दुसरी जागा ठाऊक नव्हती.

चहाचा कप त्यांनी जावईबापूंच्या हातात दिला आणि नेमका तेव्हाच ठमीला आपण मोकळी आहोत याचा साक्षात्कार झाला. ती रमतगमत बाजेपाशी गेली, कागदांचा वास घेतला आणि वरचा कागद उचलला.

"अहो! अहो, ठमीबाई!" जावईबापू धावले. दोर संपला तिथे त्यांचा पाय राहिला, बाकीचे ते पुढे गेले आणि चहा सगळा पायावर, नेमका गाठीवर.

भाजलं नाही, चहा सरकारांनी विचारात असताना आधीच कोमट केला होता. पण घायपाताचा दोर भिजला की फुगतो आणि फुगला की आवळतो, हे त्या घरात झुरळांनाही माहीत होतं. सरकारांनी कपाळावर हात मारला.

"उगम खाल्ला!" जावईबापू बसल्या जागेवरून ओरडले. "आई, तिने उगम खाल्ला! दर्यावर्दी लोक पहिल्याच पानावर होते!"

"अर्थ शिल्लक आहे ना? मग झालं. उगम काय, कुणी विचारत नाही."

"लोक उगमासाठीच येतात हो!"

ठमीने दुसरं पान उचललं. सरकारांनी तिच्या तोंडातून अर्धं ओढून घेतलं, पण तेवढ्या वेळात तिने तिसऱ्याची चव पाहिली होती. शेवटी हातात आले ते साडेतीन कागद. सहनशक्तीचा अर्थ वाचला, फोनचा वाचला. जनावराचा गेला.

"आता जनावराचं तुम्ही बघूनच सांगा," सरकार म्हणाल्या. "नाहीतरी आत्ता तुमच्याइतकं त्यातलं कुणाला माहीत आहे?"

हे बोलणं टोमणा होतं, पण जावईबापूंना ते अमृतासारखं लागलं. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि उरलेल्या कागदांच्या पाठीवर लिहायला सुरुवात केली. दाव्याने आखलेलं वर्तुळ. कडेला झिजलेलं गवत. मान नेहमी बाहेरच्या बाजूला. सरकार गाठीशी झटत होत्या आणि त्यांना वाटलं, हा माणूस चांगला आहे. जरा येडा आहे, पण चांगला आहे. हे त्यांना लग्नानंतर अकरा वर्षांनी वाटलं.

चार वाजता मुलगा आला. मागे दूधवाला, हातात रिकामी दोरी आणि चेहऱ्यावर घाई.

"अजून सोडलं नाहीस?"

"शिकवणी चालू आहे."

"पाऊण तास?"

"तुला दहावी पास व्हायला तीन वर्षं लागली. मी काही बोलले?"

मुलगा खाली बसला आणि गाठ पाहून त्याची भुवई वर गेली. "भिजवलीस?"

"तिला तहान लागली होती."

दूधवाला पुढे सरसावला. बाहीने हात पुसून त्याने टोक ओढलं, मग दुसरं टोक ओढलं, मग नखं, मग दात. जावईबापूंनी पाय धीराने स्थिर ठेवला. जितकं ओढावं तितकी गाठ हट्टाने आवळायची. "खांबाकडून सोडू," दूधवाला म्हणाला. खांबालाही तीच गाठ होती.

"दोरवाले एका हाताने सोडायचे हो," तो घाम पुसत म्हणाला. "माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. त्यांच्या गाठीला तोड नाही. आता विळा आणा, नाहीतर..."

पुढचं वाक्य त्याला पुरं करता आलं नाही. सरकार उभ्या राहिल्या होत्या. "या घरात गाठ सोडतात. कापत नाहीत. चाळीस वर्षांत या अंगणात दोराला पातं लागलेलं नाही. आणि हा तर त्यांचा शेवटचा."

"मग सोड ना," मुलगा म्हणाला. आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता, आणि सरकारांना तेच जास्त लागलं. "आई, तुला... येते ना?"

सरकारांनी वाकलेला आकडा सरळ केला आणि पुन्हा गाठीत खुपसला.

सव्वाचारला वाचनालयाच्या ग्रंथपालबाई स्कूटरवरून वक्त्यांना न्यायला आल्या. त्यांना मागच्या अंगणात एक वक्ता खांबाला बांधलेला, एक म्हातारी बाई त्याच्या पायाशी, एक दूधवाला दात चाचपताना आणि एक शेळी ओठ चाटताना दिसली.

"हे प्रात्यक्षिक आहे," जावईबापूंनी घाईने सांगितलं.

"किती वेळ चालेल?"

"तेच ठरत नाहीये," दूधवाला म्हणाला.

ग्रंथपालबाईंनी घड्याळ पाहिलं. सभागृहात चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या आणि तीस भरल्या होत्या, म्हणजे नेहमीपेक्षा सव्वीस जास्त. बूट काढून पाय बारीक होतो का ते पाहून झालं. साबण झाला, तेल झालं. जावईबापूंचा घोटा लोण्यासारखा चकाकू लागला, गाठ होती तिथेच. "मी खांबासकट येऊ का?" त्यांनी विचारलं आणि ते चेष्टेने विचारत नव्हते.

साडेचारला लेक आली. म्हणजे सरकारांची थोरली, जावईबापूंची बायको. ती डॉक्टरकडे दाढ दाखवायला गेली होती आणि अर्ध्या गालाने बोलत होती. वडील होते तेव्हा ती एक दिवसाआड माहेरी यायची. ते गेल्यापासून मात्र कामाशिवाय फिरकत नव्हती, आणि सरकारांचंही म्हणणं असं, की काम नसेल तर यावं कशाला. तिने अंगणात पाऊल ठेवलं, नवऱ्याचा पाय पाहिला आणि हसू दाबायला गालावर हात ठेवला.

"हे काय हो?"

"टेदर," नवरा म्हणाला.

ती उकिडवी बसली. अंगठ्याने मधला पेड मागे ढकलला, टोक ओढायच्या ऐवजी आत सारलं आणि हलकेच बोट फिरवलं. गाठ उमलली. सकाळी सात वाजता फुलाने उमलावं, तशी, काही न बोलता. मग खांबाची. तेवढाच वेळ.

सगळे गाठ होती त्या जागेकडे वाकून बघत होते. ठमी तेवढी रवंथ करत होती, बहुधा दर्यावर्दी लोकांचा.

जावईबापू पाय झटकून उठले, साडेतीन कागद छातीशी धरून लंगडत स्कूटरपर्यंत पोचले आणि ग्रंथपालबाईंच्या मागे बसून भाषणाला गेले. मुलाने आईकडे पाहिलं. "म्हणजे ठरलं," तो हळू म्हणाला. "बांधता येते. सोडता येत नाही." दूधवाल्याने रिकामी दोरी हातात घेतली. "थांब जरा, चहा घेऊ, मग ने," असं म्हणून मुलगा त्याला पुढच्या दुकानात घेऊन गेला. आईला एकटीला निरोप घ्यायला वेळ द्यावा, एवढी समज त्याला होती.

सरकारांनी दोर गोळा केला. लेकीकडे न बघता विचारलं, "कुणी शिकवलं?"

"बाबांनी. दुसरीत होते मी. शाळेआधी रोज सकाळी इथे बसायचो आम्ही दोघं."

"आणि मला नाही शिकवावंसं वाटलं त्यांना? आपली गाठ बायकोला नाही, आणि दुसरीतल्या पोरीला?"

"आई, गाठ बाबांची नव्हती."

"मग कुणाची? सगळं गाव दोरवाल्यांची गाठ म्हणतं."

"तुझी." लेक खांबाला टेकून बसली. गाल अजून बधिर होता, शब्द ओले ओले येत होते. "तू लग्न होऊन आलीस तेव्हा बाबांनी तुला साधी दुहेरी गाठ दाखवली. तू फेरा उलटा घेतलास. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतात तर म्हैस सुटेना. दीड तास लागला त्यांना. उन्हं डोक्यावर आली. पण म्हणाले, पोरीचा घरातला पहिला दिवस, चूक काढून काय मिळवायचं? संध्याकाळी तू पुन्हा तशीच बांधलीस. आणि मग रोजच."

सरकारांच्या हातातला दोर थांबला.

"त्यांना स्वतःला कधी बांधता आली नाही ती. दुकानात कितीदा करून पाहिली, फेरा सुलटाच पडायचा. गिऱ्हाईक विचारायचं, कशी मारता हो, तर म्हणायचे, घरचं गुपित आहे."

सरकारांना आठवल्या त्या सगळ्या सकाळी. चहा उतू जायला आलेला, अंगणातून गुणगुण, आणि आपण आतून ओरडतोय, एक जनावर सोडायला माणसाला इतका वेळ लागतो होय? त्या गुणगुणीचं गाणं कधी धड कळलं नाही. आता लक्षात येत होतं, ते गाणं नव्हतंच. आत सार, मागे ढकल, आत सार, असं काहीतरी असणार.

"मेला," त्या शेवटी म्हणाल्या. "चाळीस वर्षं." नाक पदराने पुसलं. "एका शब्दाने बोलला नाही."

"तू बोलू दिलं असतंस?"

सरकार उठल्या. त्यांनी ठमीला ओढून खांबापाशी आणलं. पट्टा नाही, बिट्टा नाही, दोरच गळ्यात. दोन वेढे, फेरा, टोक खालून वर, हिसका. फेरा उलटा. आयुष्यात पहिल्यांदा तो उलटा आहे हे ठाऊक असून घेतलेला. मग खांबाला तस्साच. मग त्यांनी पाण्याची कळशी उचलली आणि दोन्ही गाठींवर धार धरली, निगुतीने, रोपाला घालावी तशी. आणि मोठ्याने हाक मारली, "ये रे बाबा दूधवाल्या! ने तुझं जनावर!"

दूधवाला आला, वाकला, गाठ पाहिली आणि सरळ झाला. कमरेवर हात ठेवून त्याने आभाळाकडे पाहिलं. मग मागोमाग आलेल्या मुलाकडे. मुलगा बहिणीकडे वळला.

"ताई, सोड."

लेक नखं पाहत होती. "मी? मला कुठे येतं?"

"आत्ता सोडलीस! माझ्या डोळ्यांदेखत!"

"ती माणसाच्या पायाची होती. जनावराची वेगळी असते. हो ना गं, आई?"

"फार वेगळी," सरकार म्हणाल्या.

मुलगा दोघींकडे आळीपाळीने पाहत राहिला. विळा असा शब्द त्याच्या तोंडापर्यंत आला आणि आईचे डोळे पाहून परत गेला. दूधवाल्याने पाच मिनिटं प्रामाणिकपणे प्रयत्न केला, त्यातली दोन दातांनी, आणि मग म्हणाला, "माझ्याकडे वीस आहेत, मालक. वीस पुष्कळ झाली." आणि सायकलवर बसून निघून गेला. मुलगाही दुकानात गेला. जाता जाता त्याला हसू आलं असावं, कारण खांदे हलत होते, पण पाठमोरा असल्याने पुरावा नाही.

अंगणात उन्हं उतरली होती. लेकीने पदर खोचला आणि निघायला उठली.

"शिकवून जा मला," सरकार म्हणाल्या.

"नाही."

"का नाही?"

"तू शिकलीस तर मी सकाळी कशाला येऊ?"

सरकारांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग त्या कळशी विसळायला वाकल्या, म्हणजे तोंड दिसू नये. "साडेसहाला ये. जनावर खोळंबतं. आणि गाल सुजलेला आहे म्हणून उशीर केलास तर ऐकून घेणार नाही. चहा दोघींचा टाकते."

लेक फाटकापाशी पोचली तरी त्या मागून सूचना देतच होत्या. येताना पाला घेऊन ये, मास्तरांच्या पायाला तेल लाव, भाषण कसं झालं ते विचार. "आणि हो," शेवटी त्या ओरडल्या, "दर्यावर्दी लोकांचं काय होतं ते मला उद्या नीट सांगायला सांग त्यांना! अर्धं ठमीला कळलंय, मला काहीच नाही!"